आधी भरतीची वेळ, मग छत्री: मुंबईत पावसाचा दिवस कसा काढावा

देशावरून, विदर्भातून किंवा मराठवाड्यातून मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाला इथल्या पावसाची सगळ्यात आधी जाणवते ती चिकाटी. तो एकदा कोसळून मोकळा होत नाही. झड लागली की तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि भाड्याच्या खोलीत पंख्याकडे बघत सुट्टी वाया जाते. पहिल्या पावसाळ्यात बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर जून ते सप्टेंबर घरात बसून काढतात, नाही तर जोराच्या पावसात कल्याणहून थेट कुलाब्याला निघतात आणि कुर्ल्यात अडकतात.

बाहेर जरूर पडावं, पण एक नियम पाळून. पावसाच्या दिवशी शहर ओलांडायचं नाही. आपल्याच लोकलच्या मार्गावरचं एक स्थानक निवडायचं, तिथून पायी गाठता येतील अशी दोन-तीन छपरं हेरायची आणि दिवस तिथेच घालवायचा. अंधेरीत सकाळ, भायखळ्यात दुपार आणि वाशीत संध्याकाळ हा बेत डिसेंबरसाठी राखून ठेवा.

निघण्याआधी दहा मिनिटं

तीन गोष्टी पाहायच्या: पाऊस, भरती आणि गाड्या. तिन्ही एकत्र पाहिल्या तरच उपयोग.

पावसासाठी हवामान खात्याचा इशारा बघा. त्याचे रंग चार: हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ ओलांडला की ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. पिवळ्या दिवशी खुशाल निघा. नारंगी दिवशी घरापासून चार-पाच स्थानकांच्या आतलं ठिकाण निवडा. लाल दिवशी घरीच भजी तळा. इशारा जिल्ह्यानुसार येतो आणि मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे व पालघर हे वेगवेगळे जिल्हे आहेत. तुम्ही राहता तो आणि जाणार तो, असे दोन्ही पाहा.

बातम्यांत ‘कुलाबा’ आणि ‘सांताक्रूझ’ असे दोन आकडे येतात. या खात्याच्या दोन वेधशाळा. आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो, म्हणजे तो कालचा हिशोब आहे. दोन्हींत किती फरक पडू शकतो याचं टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नाही. खिडकीबाहेर कोरडं दिसतंय म्हणून पलीकडचं टोक कोरडं आहे असं धरून चालू नका. तासाभराचा अंदाज हवा असेल तर खात्याच्या संकेतस्थळावरचं रडारचं चित्र बघा. समुद्राकडून ढगांचा पट्टा किनाऱ्याकडे सरकताना त्यात स्पष्ट दिसतो.

भरतीकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. मुंबईचा बराच भाग बेटांमधली खाडी बुजवून झालेला आहे आणि पावसाचं पाणी अखेर समुद्रातच सोडावं लागतं. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर जाते. मग नाल्यांचे दरवाजे बंद करतात, नाही तर समुद्रच आत येईल. तेवढा वेळ पाऊस पडतच राहिला तर पाणी रस्त्यावर साचतं. पंप आहेत, पण जुन्या गटारांची रचना तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती आणि पुढे ती ५० पर्यंत वाढवायचं काम सुरू झालं. पन्नासच्या वर गेलं की पंपही मागे पडतात.

म्हणून हिशोब असा करा. भरतीची उंची साडेचार मीटरपेक्षा जास्त असेल आणि तिच्या आधी-नंतरचे दोन तास जोराच्या पावसाचे असतील, तर त्या चार तासांत प्रवास करायचा नाही. छपराखाली बसून राहायचं. ओहोटी लागली आणि पाऊस ओसरला की पाणी सहसा दोन-तीन तासांत उतरतं. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ती यादी छापतात. ती कापून फ्रिजला चिकटवा. ही मोठी उधाणं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतात. दिवसाला दोन भरत्या येतात, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं, आणि वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. आज दुपारी बाराला असेल तर उद्या पाऊण-एकच्या सुमारास.

राहता राहिल्या गाड्या. एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवर लोक ज्या गप्पा टाकतात, त्या अधिकृत घोषणेपेक्षा बरेचदा आधी खरं सांगून जातात. रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवणं, कुठे आहे ते आदल्या दिवशीच पाहून ठेवा, कारण मेगाब्लॉक आणि पाऊस एकत्र आले की अर्ध्या तासाच्या प्रवासाला दोन तास लागतात. पाणी आधी कुठे भरतं हेही ठाऊक असावं. मध्य रेल्वेवर कुर्ला, शीव आणि माटुंगा, हार्बरवर चुनाभट्टी, पश्चिम रेल्वेवर वसई, नालासोपारा आणि विरारचा पट्टा. रुळांवर पाणी चढलं की आधी सिग्नल आणि सांधे बदलणारी यंत्रणा दगा देते, मग गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. रस्त्यांपैकी हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे ही नावं पाठच करून टाका. टॅक्सी-रिक्षावाल्यानं त्या बाजूला यायला नकार दिला तर तो माजोरी करत नाहीये, त्याला इंजिन वाचवायचं आहे.

अंगावर काय, पिशवीत काय

जीन्स नको. एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या सोलवटून काढते. पातळ, लवकर वाळणारी पॅण्ट किंवा सलवार बरी. पायात मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सॅण्डल हवेत. साध्या स्लिपरमुळे तीन त्रास होतात: चालताना चिखलाचे शिंतोडे थेट पाठीपर्यंत उडतात, गुडघाभर पाण्यात त्या पायातून निघून वाहून जातात आणि स्थानकाच्या गुळगुळीत पायऱ्यांवर घसरतात. तळवा झिजून सपाट झालेला सॅण्डलही कामाचा नाही. नक्षी उरली आहे का ते उलटा करून बघा.

छत्री की रेनकोट, हा वाद जागेवर ठरतो. दादरच्या गल्लीत छत्री चालते. मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइण्ट किंवा वरळीच्या वाऱ्यात तीन घड्यांची छत्री दोन मिनिटांत उलटी होते. तिथे लांब दांड्याची, जास्त काड्यांची छत्री घ्या, नाही तर टोपीचा रेनकोट. लोकलच्या गर्दीत ओली छत्री शेजाऱ्याच्या पायावर गळत राहते आणि त्यावरून भांडणं होतात. दुधाची जाड पिशवी धुऊन जवळ ठेवा आणि मिटलेली छत्री तीत घाला.

पिशवीत एवढं असावं: झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद केलेला एक कोरडा शर्ट किंवा कुर्ता, मोज्यांची सवय असेल तर एक जोडी, छोटा पंचा, पॉवर बँक, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत. गाड्या थांबतात त्या दिवशी हजारो माणसं एकाच वेळी फोनला चिकटलेली असतात. नेटवर्क बसतं, यूपीआय चालत नाही आणि वडापाववाला उधारी ठेवत नाही. कोरडा शर्ट ही चैन समजू नका. संग्रहालयं, नाट्यगृहं आणि सिनेमागृहं वातानुकूलित असतात. ओल्या कपड्यांत तिथे तीन तास बसलात तर दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेली.

कुठे जायचं: स्थानकांप्रमाणे

सगळ्यात भरवशाचा परिसर काळा घोडा. पश्चिम रेल्वेचं चर्चगेट, मध्य आणि हार्बरचं सीएसएमटी, आणि आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक, असे तिन्ही मार्ग तिथून चालत अंतरावर आहेत. सीएसएमटीहून येणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींचा तळमजला कमानींचा आहे आणि फुटपाथ त्या कमानींखालून जातो. स्थानकासमोरच्या भुयारी मार्गातून बाहेर पडून कमानी धरल्या की हुतात्मा चौकापर्यंतचं बरंचसं अंतर डोक्यावर थेंब न घेता कापता येतं. फेरीवाल्यांमुळे वाट अरुंद होते, तेव्हा मिटलेली छत्री उभी धरा. चौकातल्या फ्लोरा फाउंटनपाशी पाऊस वाढला तर किताबखाना हे पुस्तकांचं दुकान आहे. तिथे तासभर पुस्तकं चाळली तरी कुणी हटकत नाही. मराठीचा कप्पाही आहे.

तिथून दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. पायाभरणी १९०५ ची, आराखडा जॉर्ज विटेटचा, लोकांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये. सकाळी सव्वादहाला उघडतं, सहाला बंद होतं. उघडताच पोचा. पावसाळी रविवारी साडेअकरानंतर तिकिटाची रांग उघड्यावर लागते. छत्री आणि मोठी पिशवी ठेवायची सोय आहे. फोन, पाकीट आणि तो कोरडा शर्ट तेवढा जवळ ठेवा.

सगळी दालनं एका दिवसात उरकायला गेलात तर दुपारनंतर डोळ्यांना काहीच दिसेनासं होतं. तीन निवडा. तळमजल्यावरचं शिल्पदालन घ्याच, त्यात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. लघुचित्रांना निदान तासभर द्या, कारण ती हातभर अंतरावरून पाहायची असतात आणि घाईत सगळी सारखीच दिसतात. बरोबर मुलं असतील तर शस्त्रास्त्रांचं दालन, तिथे अकबराचं चिलखत आहे. मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघायला विसरू नका. आतली लाकडी कमानींची रचना नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेली आहे.

बाहेर पडल्यावर शेजारीच १९५२ सालची जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, प्रवेश मोफत. चित्रकार बहुतेक वेळा स्वतः दालनात बसलेला असतो आणि पावसाच्या दिवशी माणसं कमी असल्यामुळे मोकळेपणानं बोलतो. ‘हे काय आहे’ असं विचारू नका, ‘हे कशात केलंय’ असं विचारा. गप्पा आपोआप सुरू होतात. रस्ता ओलांडला की कावसजी जहांगीर सभागृहातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ च्या जुन्या सभागृहाच्या पोटात १९९६ साली नवी दालनं रचली. गोल फिरत वर चढत जायचं असतं, म्हणून ओले तळवे पायपुसण्यावर नीट पुसून घ्या. हे सोमवारी बंद. त्याच चौकात १९३३ पासूनचं रीगल सिनेमागृह आहे. संग्रहालय, गॅलरी, आधुनिक कला आणि संध्याकाळचा खेळ, हे सगळं पाच मिनिटांच्या पायी परिघात मावतं. मुंबईत पावसाच्या दिवसाला याहून सोयीचा चौक नाही.

उपनगरातल्या माणसासाठी दुसरा परिसर दादर. फक्त पश्चिमेलाच उतरा. हिंदमाता पूर्वेच्या बाजूला आहे आणि जोराच्या पावसात तिकडे काही काम काढू नये. फलाटांचे क्रमांक आता सलग आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीचा कुणी ‘मध्यचा तीन नंबर’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका, पाटी वाचा.

दादरचा खरा पावसाळी खेळ म्हणजे नाटक. पश्चिमेला प्लाझा सिनेमागृहासमोर शिवाजी मंदिर हे नाट्यगृह आहे, स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर. आदल्या दिवशीच्या आणि त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती पाहा. शनिवार-रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे प्रयोग असतात. पावसाच्या दिवशी दुपारचाच घ्या. रात्रीचा प्रयोग अकराच्या पुढे सुटतो आणि त्या वेळी गाड्यांचा भरवसा नसतो. एरवी ‘हाऊसफुल’ची पाटी लागणाऱ्या प्रयोगाचंही तिकीट मुसळधार दिवशी खिडकीवर मिळून जातं, कारण लांबचे प्रेक्षक पोचलेले नसतात. निघण्याआधी नाट्यगृहात फोन करून प्रयोग होतोय ना एवढं मात्र विचारा. मध्यंतरातला बटाटेवडा हा प्रयोगाचाच भाग आहे, पण घंटा झाली की लगेच उठा. दोनशे माणसं आणि एक काउंटर असा सामना असतो. नाटकासाठी दादरलाच यायला हवं असंही नाही. पार्ल्यात दीनानाथ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास, ठाण्याला गडकरी रंगायतन आणि प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आहे. जे आपल्या मार्गावर ते आपलं.

नाटकाला वेळ असेल तर छबिलदासच्या गल्लीत आयडियल बुक डेपो आहे. पुस्तक घेतलंत तर दोन पिशव्यांत बांधून मागा. दादर पूर्वेच्या नायगावात १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पाऊस बेताचा असेल तर जाऊन सभासदत्वाची चौकशी करावी, पुढच्या चार पावसाळ्यांची सोय होते.

मुलं बरोबर असतील तर भायखळा किंवा वरळी. भायखळ्याला पूर्वेकडे उतरून दहा-बारा मिनिटांवर राणीची बाग. तिच्या आवारातच १८७२ साली उघडलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जुन्या मुंबईतल्या जातीजमातींचे, पगड्यांचे आणि धंद्यांचे मातीचे छोटे नमुने मुलांना खिळवून ठेवतात. बाहेरचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते त्याच्यावरून. बागेतलं पेंग्विनचं दालन बंदिस्त आणि गार आहे, त्यामुळे पावसात तिथे गर्दी उसळते. सकाळीच उरका. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद. दुरुस्तीमुळे संग्रहालयाची काही दालनं मध्येच बंद राहतात, आधी फोन करा.

वरळीत गंमत वेगळीच होते. तिथे ‘नेहरू’ नावाच्या दोन जागा आहेत आणि टॅक्सीवाला हमखास चुकीच्या जागी उतरवतो. नेहरू विज्ञान केंद्र मोझेस रोडवर, महालक्ष्मी स्थानकाच्या बाजूला. नेहरू तारांगण ॲनी बेझंट रोडवर, नेहरू सेंटरच्या आवारात. अंतर फार नाही, पण मुसळधार पावसात मुलाला कडेवर घेऊन तेवढं चालणं नको होतं. विज्ञान केंद्रात हात लावून करून बघायचे प्रयोग असतात आणि तीन तास सहज जातात. तारांगणाचे खेळ ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या भाषांत होतात. मराठी खेळ कधी ते पाहूनच निघा आणि अर्धा तास आधी पोचा. तारांगण सोमवारी बंद.

आता कान्हेरी. पावसात मुंबईत याहून देखणी जागा नाही, पण ही जागा फक्त पिवळ्या दिवसाची. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिथपर्यंत बस जाते. शंभराहून जास्त लेणी एकाच डोंगरात खोदलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य चुकवू नका, त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते, जी हिवाळ्यात कळत नाही. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पाणी वाहत येऊन लेण्यांशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे खोदीव टाक्यांत उतरतं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची पाणीयोजना डोळ्यांसमोर चालू असते. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोरीव पायऱ्या सोडून पाऊल टाकू नका. ओढ्यात उतरू नका, डोंगरावर पाऊस वाढला की पाणी मिनिटांत चढतं. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं येतात. परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच विचारून ठेवा. सोमवारी बंद.

घारापुरीचं नाव पावसाच्या दिवशी काढू नका. गेटवेहून बोटी जातात, पण समुद्र खवळला की बंद होतात, आणि बंद होणं जाताना होईल की येताना हे सांगता येत नाही. मॉलबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तिथे कसं फिरायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

खाणं

मासे खाऊन दिवस साजरा करायचा बेत असेल तर कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी असते. या काळात ताटात येणारा पापलेट बहुतेक वेळा बर्फातला असतो आणि महागही. जाणकार मंडळी या दिवसांत सुकट, जवळा, सुके बोंबील आणि खाडीतलं जे ताजं मिळेल ते खातात. मालवणी खानावळीत ‘आज ताजं काय’ असं सरळ विचारा.

दादरला गोखले रोडवर प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादला मिसळ, स्थानकाजवळ मामा काणे. पावसाच्या दुपारी बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. एकच्या आधी किंवा तीननंतर गेलात तर बसायला मिळतं. माटुंग्याला कॅफे मद्रासचा इडली-डोसा उत्तम, पण ते किंग्ज सर्कलला आहे, म्हणजे पाणी भरणाऱ्या जागेच्या उंबऱ्यावर. बेताच्या पावसातच जा, आणि सोमवारी नको. धोबीतलावला १९०४ पासूनचं ‘कयानी अँड कंपनी’ हे इराणी हॉटेल आहे. मरीन लाइन्सला उतरून बन-मस्का आणि चहा घेऊन खिडकीतून पाऊस पाहायला ती जागा बरी.

रस्त्यावरचं खायचं तर आगीवरून थेट हातात येईल तेच: कढईतून निघालेला वडा, निखाऱ्यावरचं कणीस, उकळता कटिंग चहा. कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी, बर्फ आणि हिरवी चटणी ऑक्टोबरपर्यंत विसरा. कणीस घेताना आधीच भाजून रचून ठेवलेलं घेऊ नका, समोर भाजून घ्या.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांनी दादर पश्चिमेच्या बाजारात रानभाज्या बघाव्यात. वसई-पालघरकडच्या आदिवासी बाया सकाळी टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि करटोली घेऊन बसतात. शेवळं त्याआधी, पावसाच्या अगदी सुरुवातीला येतात. ती काकड्यांशिवाय, म्हणजे बरोबर विकतात त्या आंबट फळांशिवाय घेऊ नका, घसा खाजतो. कशी करायची ते विकणारीलाच विचारा, ती पुस्तकापेक्षा चांगलं सांगते.

समुद्र पाहायचा तर

लाटा भरतीलाच उसळतात, म्हणून इथे भरतीचं वेळापत्रक उलटं वापरायचं. भरतीच्या वेळेच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेसला पोचा आणि रस्त्याच्या इमारतींकडच्या बाजूला उभे राहा. कठड्यावर बसायचं नाही, पलीकडच्या सिमेंटच्या चार टोकांच्या ठोकळ्यांवर उतरायचं तर नाहीच. ते शेवाळानं निसरडे असतात आणि पाय अडकला तर पुढची लाट कुणासाठी थांबत नाही. वांद्र्याच्या खडकांनाही हेच लागू. लाट फक्त पाणी फेकत नाही. शहरानं समुद्रात टाकलेलं प्लॅस्टिक, लाकूड आणि दगड ती साभार परत करते. पोलिसांनी अडथळे लावले असतील तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. चर्नी रोडच्या पुलावरूनही समुद्र दिसतो.

परतताना, आणि अडकलात तर

परतीची वेळ निघतानाच ठरवा: पुढच्या मोठ्या भरतीच्या किमान दोन तास आधी घराजवळच्या स्थानकावर. वातानुकूलित लोकलचे दरवाजे बंद असतात, त्यामुळे आत कोरडं राहता येतं. तिचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर चढलात तर दंड भरावा लागतो. साध्या डब्यात दारात उभे राहू नका. ओल्या दांड्यावरून हात सुटतो.

गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर डब्यातच थांबा. शेजारचे चार जण उड्या मारून रुळांवरून चालू लागतील. पाण्याखाली खडी कुठे आणि गटार कुठे ते दिसत नाही, आणि शेजारच्या रुळावर गाडी कधीही येऊ शकते. रेल्वेचे कर्मचारी उतरवून घेऊन जाऊ लागले तरच उतरा. गाडी स्थानकात उभी असेल तर बाहेर पडून जवळची शाळा, देऊळ, मंडळाचा मंडप किंवा हॉटेल गाठा. मोठ्या पावसात अशा जागा लोकांसाठी उघडल्या जातात आणि चहा-बिस्किटंही मिळतात. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६, रेल्वेचा १३९, पोलिसांचा ११२. घरी एक संदेश टाका आणि फोन खिशात ठेवा. दर पाच मिनिटांनी बातम्या पाहण्यात बॅटरी संपते, पाणी काही लवकर उतरत नाही.

साचलेल्या पाण्यातून चालणं टाळताच आलं नाही तर रस्त्याच्या मध्ये किंवा कडेला कुठे भोवरा फिरतोय का पाहा. भोवरा म्हणजे खाली उघडं भोक. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक ज्येष्ठ डॉक्टर असेच उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. आता बऱ्याच ठिकाणी झाकणाखाली जाळ्या बसवल्या आहेत, सगळीकडे बसल्या आहेत असं समजू नका. मिटलेल्या छत्रीनं पुढची जमीन चाचपत चाला, पाय घासत टाका, विजेच्या खांबाला आणि पेटीला हात लावू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. वाहत्या पाण्यात तर नडगीभर पाणीही माणसाला पाडतं.

घरी आल्यावर

आधी पाय. साबणानं घोटे आणि बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या करा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू आत जातो. पाण्यातून चालून आला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर ताप यायची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक गोळी द्यायची का, किती, हे ते ठरवतील. स्वतःच्या मनानं दुकानातून आणू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं दिसलं तर डॉक्टरांना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे न विसरता सांगा.

सॅण्डल नळाखाली धुऊन भिंतीला टेकवून उभे ठेवा. बूट भिजले असतील तर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला, पंख्याखाली रात्रभरात वाळतात. पिशवी उलटी करून टांगा, नाही तर दोन दिवसांत बुरशीचा वास धरते. छत्री मिटून दारामागे ठेवू नका. अर्धवट उघडून मोरीत ठेवा, सगळं पाणी निथळू द्या, नाही तर गणपतीपर्यंत काड्या गंजतात.